पार फोडण्याचा अर्ज

वंदनाबाईंना कुणी सकाळी सातच्या आत चहा विचारला की त्या नुसत्या हसायच्या. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांना ते हसू कळायचं नाही. जुन्यांना ठाऊक होतं. औदुंबराला पाणी घातल्याशिवाय बाईंच्या तोंडात घोटभर पाणीसुद्धा जात नाही. पहाटे अंघोळ, देवापुढे निरांजन, मग तांब्या घेऊन समोरच्या बगीच्यात. अकरा प्रदक्षिणा, बुंध्याशी पाणी, पादुकांपाशी तेलाचा दिवा, आणि गुरुवार असला तर पाण्याबरोबर पावशेर दूध. बावीस वर्षं हा नेम चालला होता. तापात चालला होता, मुलीच्या लग्नाच्या दिवशी चालला होता. मधुकरराव गेले त्या सुतकात तेवढे दिवस शेजारच्या कलाबाईंनी पाणी घातलं, आणि चौदाव्या दिवशी तांब्या पुन्हा बाईंच्या हाती आला.

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात सकाळीच साड्यांच्या गाठोड्यांचे टेम्पो लागतात, हॉर्नने कान किटतात. पण दोन गल्ल्या आत वळून श्रीरंग सोसायटीपाशी आलं की अजून पाखरं ऐकू येतात. ती सगळी त्या औदुंबरावर. झाड होतंही तसं घेरदार. बगीच्यातल्या व्यायामाच्या यंत्रांवर, घसरगुंडीवर, निम्म्या चालण्याच्या वाटेवर त्याची सावली पडायची.

वैशाखातल्या एका गुरुवारी बाई तांब्या घेऊन आत शिरल्या आणि थबकल्या. औदुंबराच्या खोडावर, छातीएवढ्या उंचीवर, लाल रंगाची ठसठशीत फुली मारलेली होती. रंग अगदी ताजा होता.

पाराच्या कडेला हिलाल माळी उकिडवा बसला होता. बगीच्याचं काम गेली आठ वर्षं त्याच्याकडे. मूळचा अमळनेरकडचा. त्याची मुलगी चंचल पालिकेच्या मराठी शाळेत बाईंच्या वर्गात होती, आता एका दवाखान्यात नर्स झालेली. बाकी सगळे त्यांना ताई नाहीतर मॅडम म्हणत, हिलाल मात्र त्यामुळे बाईच म्हणायचा.

"हिलाल, हे काय रे?"

"पावसाळ्याच्या आधीची पाहणी, बाई. काल पालिकेचे साहेब आलेले. जी झाडं पडतील असं वाटतं त्यांच्यावर फुली मारतात." तो उठला नाही. "सोमवारी कापायची गाडी येईल."

बाईंनी तांब्या खाली ठेवला. "पडेल? हे झाड? अरे, पुरात नाही पडलं."

पुराची आठवण निघाली आणि बाई पाराच्या कडेवर टेकल्या.

तेव्हा इथे बगीचा नव्हताच. सोसायटीचा मोकळा प्लॉट, त्यात बाभळी आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी. बावीस वर्षांपूर्वी त्या आणि मधुकरराव गरुडेश्वरला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. परतताना तिथल्या एका म्हाताऱ्या सेवेकऱ्याने दुधाच्या भुकटीच्या डब्यात लावलेलं औदुंबराचं वीतभर रोप त्यांच्या हाती दिलं. बसमध्ये मधुकररावांनी तो डबा सुरतेपर्यंत मांडीवर धरला. बँकेतला माणूस, पँटीच्या इस्त्रीला फार जपायचा, पण त्या दिवशी मांडीवर चिखलाचं गोल कडं उमटलं तरी काही बोलला नाही. प्लॉटच्या मधोमध खड्डा केला, रोप लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंचा नेम सुरू झाला.

तीन वर्षांनी तो मोठा पूर आला. सगळी सोसायटी वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी मधुकरराव छातीएवढ्या पाण्यात बांबू आणि सुतळी घेऊन उतरले. बाई गच्चीवरून ओरडत होत्या, परत फिरा म्हणून. ते शांतपणे पाण्यातून चालत गेले, रोप बांबूला बांधलं आणि परत आले. वर येऊन म्हणाले, "तुझा नेम मोडला नाही. भरपूर पाणी आहे त्याला." सगळा मजला हसला होता. भिजलेल्या भिंती, वाहून गेलेली भांडी, आणि त्यात ते हसू.

"बाई," हिलाल म्हणाला, "राग नका येऊ द्या. एक दाखवतो."

त्याने कुदळीच्या दांड्याने खोडावर ठोकलं. वरच्या बाजूला टणक आवाज आला. मग खाली, जिथे खोड पाराच्या सिमेंटमध्ये घुसलं होतं तिथे ठोकलं. तिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग त्याने सिमेंटला पडलेल्या फटीतून पहार आत सारली, फिरवली, आणि बाहेर काढून तिच्या टोकाला लागलेली काळी माती बाईंपुढे धरली.

"वास घ्या."

बाईंनी वास घेतला. दह्याचं भांडं आठ दिवस विसरून राहावं तसा वास. त्यात खवट तेल.

"हाई झाड मरी राह्यनं, बाई," हिलाल हळूच म्हणाला. मनातलं बोलायचं असलं की तो अहिराणीवर यायचा. "कुणी मारलं असं नाही म्हणत मी. पण पार खोडाला चिकटून बांधलाय. मुळाला हवा नाही. आणि वरून आपण सगळे दूध, तेल, साखरेचं पाणी. माणसाला गळ्याशी फास लावून वरून खीर पाजायची, तसं झालं हे."

"आपण सगळे?"

हिलालने खाली बघितलं. "एकट्या तुम्ही नाही ना, बाई. गुरुवारी चाळीस बाया येतात."

पण पहिली बाई कोण होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"काही उपाय?"

"साहेबांना विचारलं मी. ते म्हणाले, पार सगळा निघाला, मुळं मोकळी झाली, तर यंदा नुसत्या वरच्या फांद्या उतरवून बघू. पण पार काढा म्हणून सांगणार कोण? मी काढला तर माझी नोकरी जाईल."

त्या दिवशी बाईंनी प्रदक्षिणा घातल्या. बुंध्याशी पाणीही ओतलं. घरी येऊन त्यांनी चहा ठेवला आणि तो उतू जाऊन गॅस विझला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

कॉर्पोरेटर कुंदनभाईंचं ऑफिस चौकातच, एका साडीच्या दुकानाच्या वर. माणूस बोलायला गोड. बाई आत आल्या तसे ते खुर्चीतून उठले.

"आवो, वंदनाबेन. पाणी?"

"नको." बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचा आवाज मुळातच बारीक. खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये कुंदनभाईंना दोनदा पुढे वाकावं लागलं.

"बेन, झाड कापायला मला काही अडचण नाही, फुली तर लागलेलीच आहे. पण ओटलो, तुमचा तो पार, तोडायला मला सांगू नका."

"का?"

"ओटल्यावर जुन्या कॉर्पोरेटरच्या, वाल्मिकभाईच्या नावाची तखती, पाटी. वर दत्त भगवान. निवडणूक तोंडावर. मी एक वीट हलवली की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर माझा फोटो: बघा, कुंदनने मराठी लोकांचा देव तोडला."

"आणि झाड कापलं तर?"

"झाड तर पावसात पडलं असतं, म्हणून कापलं. त्यात कोण काय बोलणार?" कुंदनभाईंनी हात पसरले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांचा सूर जरा खाली आला. "एक रस्ता आहे. ज्यांनी ओटलो मागितला होता, त्यांनीच लिहून द्यावं की तो आम्हाला नको. सोसायटीच्या सह्या. आणि वाल्मिकभाईने हरकत नाही म्हणावं. मग मी पुढे उभा राहून करून देतो. सोमवारच्या आत आणा."

ज्यांनी मागितला होता. बाई जिना उतरल्या.

मधुकररावांनी आयुष्यभर जेवढे अर्ज केले त्या सगळ्यांच्या झेरॉक्स प्रती एका निळ्या फाइलमध्ये होत्या. गटाराच्या झाकणाचा अर्ज, दिव्याच्या खांबाचा अर्ज, भटक्या गाईंचा अर्ज. प्रत्येकावर पोच मिळाल्याचा शिक्का. कॉर्पोरेटर वाल्मिकभाऊ त्या काळी म्हणायचे, "मधुकरभाऊंचा कागद आला की मला चष्मा पुसून बसावं लागतं." वाल्मिकभाऊंनी चेष्टा केली तरी कामं व्हायची. खड्डे बुजले, दिवे लागले, बाभळींचा प्लॉट बगीचा झाला. वॉर्डातल्या कुणाला कुठे कागद द्यायचा हे कळलं नाही की तो संध्याकाळी यांच्या ओसरीवर यायचा, आणि बाई चहा टाकायच्या. आता कुणी येत नव्हतं. सगळे फोनवर तक्रार टाकतात.

बाईंनी फाइल मांडीवर घेतली. पाराचा अर्ज सोळा वर्षांपूर्वीचा. मधुकररावांचं अक्षर, किंचित उजवीकडे झुकलेलं, वेलांट्या लांब. 'बगीच्यातील औदुंबराच्या दर्शनास येणाऱ्या महिलांना चिखलामुळे त्रास होतो. गेल्या श्रावणात माझ्या पत्नीचा पाय घसरून मनगटास दुखापत झाली. तरी वृक्षाभोवती पक्का पार बांधून मिळावा.' बाईंनी डावं मनगट उजव्या हाताने धरलं. पावसाळ्यात ते अजून ठणकायचं.

त्याखाली आणखी एक कागद होता. वाल्मिकभाऊंना लिहिलेलं आभाराचं पत्र. शेवटची ओळ अशी: 'गवंड्याने खोडाभोवती सोडलेले दीड हाताचे आळेही आम्ही मागाहून भरून घेतले आहे, त्यामुळे आता चिखलाचा प्रश्नच उरला नाही.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

ते आळं त्यांना आठवलं. गवंड्याने शहाणपणा करून माती मोकळी ठेवली होती. पार झाला त्या पहिल्याच गुरुवारी पाणी घालताना त्या आळ्यातल्या चिखलाचे त्यांच्या नव्या साडीच्या निऱ्यांवर शिंतोडे उडाले. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तेवढं एक राहिलं हो. तेही भरलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी हट्ट केला नव्हता, हट्ट करायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पण मधुकररावांपुढे त्यांना कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी ते गवंड्याला घेऊन गेले, स्वतः घमेलं धरलं, आणि खोडाला टेकवून सिमेंट ओतलं. हात पांढरे करून घरी आले तेव्हा किती खूश होते.

*

शनिवारी संध्याकाळी बाईंनी सोसायटीतल्या लोकांना बगीच्यात बोलावलं. बायका जास्त आल्या. बाकड्यांवर, पारावर, घसरगुंडीच्या पायरीवर बसल्या. हिलाल लांब नळापाशी उभा राहिला.

बाईंनी पार काढण्याचा नवा अर्ज वाचून दाखवला. पहिली ओळ संपायच्या आत कलाबाई पुढे सरसावल्या. कलाबाई खानदेशातल्या, त्यांचे यजमान आणि दोन मुलगे साड्यांच्या मार्केटात. बोलणं फटकळ, पण बाईंवर जीव.

"मायवं. देवाचा पार फोडायचा? अन् हे तुम्ही सांगता? दुसरं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बगीच्याबाहेर काढलं असतं."

"कला, झाड मरतंय."

"हिलाल म्हणतो म्हणून? तो काय झाडाचा डॉक्टर शे? आम्ही चाळीस बाया दूध घालतोत, आम्ही काय येड्या शेतस का?"

"मीही घालते."

"मग?"

"मग मीही वेडी."

कुणीतरी हसलं. कलाबाई हसल्या नाहीत. "आणि हा पार मधुकरभाऊंनी बांधून घेतला. या वॉर्डात त्यांची दुसरी काय खूण राहिली? दिव्याच्या खांबावर कुणी त्यांचं नाव लिहिलंय का? पाटीवरसुद्धा वाल्मिकचंच नाव. आम्ही आपलं येता-जाता म्हणतो, हा मधुकरभाऊंचा पार. तो फोडला की गेले ते."

 गेले दोन दिवस बाईही स्वतःशी तेच म्हणत होत्या. हा पार त्या रोज हाताने पुसत होत्या. देवासाठी पुसत होत्या की त्यांच्यासाठी, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"कला, गवंड्याने खोडाभोवती आळं ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते यांनी भरलं. माझ्या साडीला चिखल लागला आणि मी बोलले, म्हणून भरलं. तुम्हाला कुणालाच हे ठाऊक नाही. मीसुद्धा विसरले होते." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता, पण सगळे ऐकत होते. "त्यांचं काही चुकलं असेल तर एवढंच, की माझं ऐकलं. अर्जात मी तसं लिहिलंय. खाली पहिली सही माझी आहे."

कलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.  मग म्हणाल्या, "पेन द्या. आणि पादुका कुठे ठेवणार?"

"माझ्या घरी."

"तुमच्या घरी का? एक आठवडा तुमच्या, एक माझ्या."

सह्या झाल्या. काहींनी केल्या नाहीत. एक जण म्हणाला, उद्या विचार करून सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याने दारच उघडलं नाही. तरी तेवीस घरांपैकी अठरा झाल्या.

उरले वाल्मिकभाऊ. रविवारी बाईंनी फोन केला. चांगली दहा वर्षं बोलणं नव्हतं. पलीकडून खोकला आला, मग आवाज.

"कोण? मधुकरभाऊंच्या ताई? अहो, बोला, बोला. आता मला कोण फोन करतं?"

बाईंनी सांगितलं.  

"ताई," ते म्हणाले, "कुंदनला वाटतं मी गाजावाजा करीन, नाही का? त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. गुडघे गेले माझे. बाल्कनीपर्यंत जातो, बस. फोडा पार. माझी हरकत नाही असा कागद सुनेकडून लिहून पाठवतो. फक्त एक काम करा."

"काय, भाऊ?"

"ती पाटी फुटू देऊ नका. नीट काढा आणि माझ्याकडे पाठवा. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही खरंच कॉर्पोरेटर होतात का. त्याला दाखवायची आहे."

*

सोमवारी सकाळी कापायची गाडी आली नाही, दोन मजूर आले. कुंदनभाई पांढऱ्या कपड्यांत येऊन दहा मिनिटं उभे राहिले, अर्जाची प्रत हातात धरून फोटो काढून घेतला आणि गेले. हिलालने सगळ्यात आधी पाटी सोडवली. छिन्नीने कडेकडेने, ताटातली करंजी उचलावी तशी. ती पोत्यात गुंडाळून त्याने बाईंकडे दिली. मग घण पडायला लागले.

बाई बाकावर बसून होत्या. मांडीवर पादुका. प्रत्येक घावाला त्यांचे डोळे मिटत होते. अकराच्या सुमाराला खोडाजवळचा सिमेंटचा जाड थर निघाला. तो थर इतरांपेक्षा वेगळा दिसत होता, ओबडधोबड, हौशी माणसाने ओतलेला. त्याच्या खालच्या बाजूला सालीचा ठसा उमटला होता. हिलालने तो तुकडा बाजूला ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. तो तुकडाही ढिगात गेला.

खालची मुळं काळी पडली होती. हिलालने ती हाताने चाचपली, कुजलेली कापून टाकली, चांगल्यांवर कोरडी माती लोटली. मग उठून, हात झटकत, तो बाईंसमोर उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं.

"बोल."

"बाई, आता पाणीबी घालू नका."

"दूध नाही घालणार. तेल नाही."

"पाणीबी नाही. माती उन्हात सुकू द्या. मग पाऊस आहेच. वरून येईल तेवढं बास. दिवाळीपर्यंत कुणी तांब्या घेऊन आलं तर परत पाठवा. तुम्हीसुद्धा."

बावीस वर्षांत बाईंना कुणी असं सांगितलं नव्हतं. झाड वाचवायचं म्हणून त्या पार द्यायला तयार झाल्या, मधुकररावांच्या हातची खूण द्यायला तयार झाल्या, चाळीस बायांपुढे आपली चूक सांगायला तयार झाल्या. नेम देण्याचं त्यांच्या मनात आलंच नव्हतं. दत्तापुढे हात जोडून घेतलेला नेम. तो त्यांचा होता, आणि मधुकरराव गेल्यावर सकाळी अंथरुणातून उठायला तेवढंच एक कारण होतं.

"मग मी सकाळी काय करू, हिलाल?" त्या म्हणाल्या. त्यांनी हे विचारायचं ठरवलं नव्हतं.

हिलालने झाडाकडे बोट केलं. "या की. प्रदक्षिणा घाला. मला सांगा काय दिसतं ते. पान कुठलं पिवळं, फळ कुठे धरलं. मी अकरा बगीचे बघतो, रोज एकाच झाडाजवळ मला कुठे उभं राहता येतं?"

*

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी बायका बाईंच्या ओसरीवर जमल्या. दरवर्षीसारखं चातुर्मासात कुणी काय सोडलं याचं बोलणं निघालं. कुणी वांगं सोडलं होतं, कुणी कांदा-लसूण. कलाबाईंनी साखर सोडली होती आणि दुपारपासून चिडचिड करत होत्या.

"आणि ताई, तुम्ही?"

"औदुंबराला पाणी घालणं सोडलं."

 मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "हे काय सोडणं झालं? उलट कामच कमी."

कलाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू चार महिने सकाळी रिकाम्या हाताने देवापुढे जाऊन उभी राहून दाखव. मग बोल."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई अंघोळ करून बगीच्यात गेल्या. पावसाने माती ओली होती, झाडाच्या निम्म्या फांद्या उतरवलेल्या, उरलेल्यांवर पानं विरळ. अकरा प्रदक्षिणा झाल्या. पाचवीला त्यांना उत्तरेकडच्या फांदीची तीन पानं पिवळी दिसली, ती त्यांनी मनात मोजून ठेवली. फाटकाशी एक तरुण सून तांब्या घेऊन उभी होती. नवीन राहायला आलेली.

"काकू, दूध घालायचं होतं," ती म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलंय."

बाईंनी तिच्या हातातून तांब्या घेतला. ज्या गोष्टीला आयुष्यभर त्यांनी हो म्हटलं होतं, तिला नाही म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला, पण अडखळला नाही. "याला पथ्य आहे, बाळा. दिवाळीपर्यंत काही द्यायचं नाही. तू नुसती फिर माझ्याबरोबर, काय बघायचं ते मी सांगते."

"आणि हे दूध?"

हिलाल नळापाशी येऊन खुरपं धूत होता. बाईंनी त्याला हाक मारली.

"चल घरी. याचा चहा करू, तिघांना पुरेल. आणि ऐक, उत्तरेकडची तीन पानं पिवळी आहेत. काल दोनच होती."